आर्नोच्या काठी

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने मोबाईलवर मला एक छायाचित्र पाठवले. हा मुलगा जर्मनीत अभियांत्रिकीचे पुढील शिक्षण घेतो आणि सुट्टी लागली की पाठीवर सॅक टाकून युरोपभर हिंडतो. छायाचित्रात गर्द झाडी होती, नक्षीदार छत्री होती आणि छत्रीखाली आपल्याकडच्या राजेशाही पोशाखातील एका कोवळ्या तरुणाचा अर्धपुतळा होता. खाली प्रश्न लिहिला होता: 'फादर, आपल्या कोल्हापूरचे महाराज इथे फ्लॉरेन्समध्ये कसे?'

मी त्याला उत्तर धाडले. परंतु ते अर्धेच होते. उरलेले अर्धे उत्तर मोबाईलवर मावण्यासारखे नव्हते. ते वाचकांपुढे ठेवतो.

मी मूळचा कागलचा. आजोबा आजऱ्याकडून पोटासाठी कागलला आले आणि तिथलेच झाले. गावात आमच्यासारखी ख्रिस्ती घरे बोटांवर मोजण्याइतकी. रविवारच्या पवित्र मिस्सेसाठी वीसेक किलोमीटरवरील कोल्हापूर गाठावे लागे. वडील एस. टी.त चालक होते. मी सातवीत असताना ते वारले आणि आईने शिवणयंत्रावर आम्हा दोघा भावंडांना वाढवले. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. (आमच्याकडे थोरल्या बहिणीला ताई म्हणत नाहीत, अक्का म्हणतात. सीमेपलीकडची कानडी आमच्या घराघरांत अशी येऊन बसली आहे.) अक्काने परिचर्येचे शिक्षण घेतले, ती धर्मभगिनी झाली आणि १९९१ साली तिच्या संघाने तिला इटलीत पाठवले. फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरातील एका खेड्यात त्या भगिनींचा वृद्धाश्रम होता. तिच्या संघाच्या त्या वेळच्या नियमाप्रमाणे घरी येण्याची पहिली रजा दहा वर्षांनी मिळायची. आईने ते दहाचे गणित दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर लिहून ठेवले होते आणि दर नाताळात एक रेघ ओढत होती.

सातवी रेघ ओढून झाली आणि ऑगस्ट १९९८ मध्ये आई आजारी पडली. मी त्याच एप्रिलमध्ये गुरुदीक्षा घेतली होती. उच्च शिक्षणासाठी रोमला जायचे ठरले होते, व्हिसाची वाट पाहत मी घरीच होतो. कोल्हापूरच्या सी. पी. आर. रुग्णालयात आई तीन आठवडे होती. पहिल्याच दिवशी तिने मला बजावले, "पोरीला कळवू नगंस. तिकडं एकटी हाय, जीव टांगणीला लागंल." मी बरे म्हणालो. रुग्णालयाच्या समोरच पिवळ्या पाटीचे टेलिफोन केंद्र होते, तिथून जगात कुठेही बोलता येत होते. रोज त्या पाटीखालून मी जात-येत होतो. आईची आज्ञा पाळतो आहे, अशी मनाची समजूत घालत होतो. खरे सांगायचे तर अक्काचे रडणे ऐकण्याचे धैर्य माझ्यात नव्हते, आणि आज्ञापालन हे मोठे सोयीचे पांघरूण होते.

आईला माती दिली त्या संध्याकाळी मी कागलच्या स्टँडसमोरून फोन लावला. गावात गणपती बसलेले, रस्त्यावर लाऊडस्पीकर लागलेले. पलीकडे कोणी वृद्ध भगिनी होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हते आणि मला इटालियन. मी ओरडून अक्काचे संघातले नाव सांगितले आणि पुन्हा पुन्हा म्हणालो, 'मदर इज डेड, मदर इज डेड.' पलीकडून 'सी, सी, माद्रे, माद्रे' असे ऐकू आले. समजले म्हणून मी फोन ठेवला आणि रात्री सविस्तर पत्र लिहिले. 'आई शांतपणे गेली' असे त्या पत्रात होते. बाकीचे काहीच नव्हते.

ऑक्टोबरमध्ये मी रोमला पोहोचलो. जानिकुलम टेकडीवरच्या उर्बानियाना विद्यापीठात ईशज्ञानाचा वर्ग सुरू झाला. पुण्याच्या सेमिनरीत आम्ही ज्या नगरीचे नकाशे पाहिले होते ती आता खिडकीतून दिसू लागली. रोम ते फ्लॉरेन्स अंतर म्हणजे साधारण कागल ते पुणे. आगगाडीने सकाळी निघून संध्याकाळी परत यावे इतके जवळ. तरीही ऑक्टोबर गेला, नाताळ गेला, पास्खा सण गेला. मी गेलो नाही. अक्काची पत्रे येत. 'कधी येतोस?' एवढाच त्यांचा सारांश. मी भाषेचा अभ्यास, परीक्षा, पैशांची चणचण अशी कारणे कळवत राहिलो. पैशांची चणचण खोटी नव्हती, पण तिकिटापुरते लिरा माझ्यापाशी होते.

१९९९ च्या जुलैत सुट्टी लागली आणि आम्ही तिघे पाठीवर सॅक टाकून निघालो: मी, केरळचा एक डीकन आणि टांझानियाचा एक धर्मगुरू. असिसीपर्यंत रेल्वेने जायचे आणि तिथून जमेल तितके पायी, जमेल तितके बसने उत्तरेकडे, संत फ्रान्सिसच्या पाऊलवाटांनी ला व्हेर्नाच्या डोंगरावर जायचे, असा बेत होता. असिसीचे मोठे मंदिर तेव्हा १९९७ च्या भूकंपातून सावरत होते. वरचा भाग बंद होता आणि आत-बाहेर बांबूंऐवजी लोखंडी पहाड उभे होते. आम्ही खाली संताच्या समाधीपाशी बसलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चालू लागलो. पायांना फोड आले. ऑलिव्हच्या बागा संपून ओकची आणि बीचची राने लागली. मठांच्या ओसरीत निजायचे, पाव आणि चीज खायचे. केरळचा डीकन भाताच्या आठवणीने व्याकूळ होई. टांझानियाचा मित्र मात्र कशाचीच तक्रार करीत नसे.

माझ्या सॅकच्या तळाशी एक प्लॅस्टिकची बरणी होती, तीन पिशव्यांत गुंडाळलेली. आईने त्या उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेली, कांदा-लसणाची, आमची कोल्हापुरी चटणी. तिच्या हातची शेवटची. अर्धी मी रोममध्ये पुरवून पुरवून खाल्ली होती, अर्धी ठेवली होती. कोणासाठी ठेवली होती हे मी स्वतःलाही उघडपणे सांगत नव्हतो.

ला व्हेर्ना हे ठिकाण गंभीर आहे. १२२४ साली इथल्या कड्यावर प्रार्थना करताना फ्रान्सिसच्या देहावर प्रभूच्या पाच जखमा उमटल्या, अशी परंपरा आहे. त्या रात्री अंगणात बसलो असताना टांझानियाच्या मित्राने सहज विचारले, "तुझी बहीण याच प्रांतात असते ना? इथून किती दूर?" मी म्हणालो, "दोन-तीन तासांवर." तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मी माझ्या बहिणीला पाच वर्षे पाहिलेले नाही. माझ्याकडे दोन-तीन तासांचा रस्ता असता तर मी इथे बसलो नसतो." त्यात उपदेशाचा सूर नव्हता, म्हणूनच ते लागले. सकाळी मठाच्या फोनवरून मी अक्काला निरोप ठेवला. दोघे सोबती पुढे गेले. मी एकटा बसने बिबिएनाला उतरलो आणि तिथून रेल्वेने अरेझ्झोमार्गे फ्लॉरेन्सला आलो.

सांता मारिया नोव्हेल्ला स्थानकावर ती उभी होती. आठ वर्षांत किरकोळ झाली होती. शिरोवस्त्राखालून कानापाशी पांढरे केस दिसत होते. मी मनाशी इटालियन, इंग्रजी, प्रमाण मराठी अशी बरीच वाक्ये जुळवली होती. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "किती वाळलायस रं! जेवलास काय न्हाई?" आणि सारी जुळवाजुळव तिथेच विस्कटली. मग तीच पुढे म्हणाली, "लांबनं वळखलो मी तुला. आबांगत चालतोस." आमच्या कोल्हापूरकडच्या बायका 'आले-गेले' म्हणत नाहीत, 'आलो-गेलो' म्हणतात. आठ वर्षे मराठीचा एक शब्द बोलायला माणूस नव्हते तिला. आश्रमातल्या इतर भगिनी इटालियन आणि दोघी केरळच्या. तरी तिचा 'वळखलो' कागलच्या बाजारातला, जसाच्या तसा होता.

मला वाटले, ती मला कॅथेड्रल दाखवायला नेईल. तिने तिथे उभ्याउभ्याच हात जोडले आणि मला घेऊन पश्चिमेच्या वाटेला लागली. आर्नो नदीच्या काठाने कासचिने नावाची लांबच लांब बाग आहे. तासाभराच्या चालीनंतर, जिथे मुन्योने नावाचा ओढा आर्नोला मिळतो, तिथे बाग संपते. आणि तिथे ही छत्री आहे.

छत्रपती राजाराम महाराजांविषयी कोल्हापुरात शाळेत आम्ही ऐकले होते. १८७० साली, वयाच्या विसाव्या वर्षी, ते इंग्लंडच्या प्रवासाला गेले. राजा असूनही त्यांचा प्रवास एका विद्यार्थ्याचाच होता. रोज पाहिलेले ते दैनंदिनीत टिपून ठेवत. ती दैनंदिनी त्यांच्या पश्चात १८७२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये प्रकृती बिघडली आणि ३० नोव्हेंबरला त्यांचा अंत झाला. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीच्या राज्याची राजधानी होती. दोनच महिन्यांपूर्वी रोम त्या राज्याने घेतले होते आणि पोप नववे पायस व्हॅटिकनच्या भिंतींआड गेले होते. अशा धामधुमीतही नगराच्या अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली आणि दोन प्रवाहांच्या संगमावर, हिंदू रीतीप्रमाणे, महाराजांना अग्नी दिला गेला. १८७४ साली तिथे हे स्मारक उभे राहिले. लोक त्या जागेला नुसते 'इंदियानो' म्हणतात, म्हणजे भारतीय. पुढे १९७० च्या दशकात जवळच मोठा पूल बांधला, त्यालाही तेच नाव पडले.

कठड्यावर बसून मी अक्काला हे सारे सांगितले आणि आणखीही सांगत सुटलो. हे महाराज घरी परतले असते तर कोल्हापूरच्या गादीसाठी दत्तक घ्यावा लागला नसता. त्यांच्या मागे दत्तक आलेले शिवाजी महाराजही १८८३ साली गेले, आणि १८८४ मध्ये आपल्या कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव दत्तक जाऊन शाहू महाराज झाले. ते जन्मले तेही १८७४ सालीच. म्हणजे कागलच्या मुलाचे नशीब या परक्या नदीकाठी ठरले. मग मी आनंदीबाई जोशींवर आलो. १८८३ साली वैद्यक शिकायला एकटी अमेरिकेला गेलेली अठरा वर्षांची मुलगी. १८८५ मध्ये गोपाळराव तिकडे पोहोचले तेव्हा पती-पत्नींची भेट झाली. ११ मार्च १८८६ च्या पदवीदानाला, दूरच्या नात्यातल्या पंडिता रमाबाई इंग्लंडहून अटलांटिक ओलांडून फिलाडेल्फियाला हजर झाल्या. परदेशात आपले माणूस भेटणे म्हणजे काय, हे त्या दोघींना विचारावे. आणि कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंना नेमले ते आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये. पण पदभार घेण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात त्यांचे निधन झाले. तेच हॉस्पिटल आजचे सी. पी. आर.

हे नाव तोंडून गेले आणि मी थांबलो. इतिहास संपला की आई येणार, हे मला ठाऊक होते. म्हणूनच मी इतिहास लांबवत होतो.

"आनंदीबाई ऱ्हाऊ दे," अक्का म्हणाली. "आईचं सांग."

पण आधी तिनेच सांगितले. माझा फोन आला त्या संध्याकाळी, फोन घेणाऱ्या वृद्ध भगिनींनी जेवणघरात येऊन निरोप दिला की, भारतातील कोणी मदर, म्हणजे कुठल्याशा मठाच्या श्रेष्ठी, वारल्या आहेत. मठात 'मदर' या शब्दाचा दुसरा अर्थ कोणाला सुचणार? अक्कालाही सुचला नाही. भारतातल्या त्यांच्या प्रांतश्रेष्ठी वयोवृद्ध होत्या, त्याच गेल्या असाव्यात असे तिला वाटले. सगळ्यांनी मिळून त्या मदरच्या आत्म्यासाठी जपमाळ म्हटली. "म्होरं मीच हुतो," अक्का म्हणाली. "आईसाठी म्हणतोय हे मला म्हाईत न्हाई, आणि मी म्हणतोय." सतरा दिवसांनी माझे पत्र पोहोचले, तेव्हा तिला कळले.

मी काय बोलणार? नदीकडे पाहत राहिलो. जुलैतली आर्नो म्हणजे आपली उन्हाळ्यातली दूधगंगाच, पाणी थोडे आणि संथ.

पत्र वाचल्यावर तिने एका दुपारची रजा मागितली आणि ती इथे आली होती. आश्रमातल्या एका म्हाताऱ्याने फार पूर्वी तिला सांगितले होते की, तुमच्या देशातला एक राजा आमच्या नदीवर दहन झाला. एकदा येऊन तिने दगडावर कोरलेले कोल्हापूरचे नाव वाचले होते. शेकडो कोसांच्या परिघात आपल्या मुलखाचे म्हणावे असे हे एकच ठिकाण तिला ठाऊक होते. त्या दुपारी ती इथे बसून रडली आणि संध्याकाळच्या बसने परत जाऊन रात्रपाळीला उभी राहिली.

मग मी सांगितले. तीन आठवड्यांतला एकेक दिवस सांगितला. पत्रात जे लिहिले नव्हते तेही सांगितले. शेवटच्या रात्री आईला ग्लानी होती. तिने दोनदा विचारले, "अक्का आली काय?" तेल लावून, साक्रामेंत देऊन मी तिच्या उशाशी बसलो होतो. चार महिन्यांचा कोवळा धर्मगुरू. मी म्हणालो, "निघालीया. वाटंत हाय."

अक्काने विचारले, "असं म्हणालास?"

"व्हय."

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "तू कळवायला पायजे हुतंस. आई नगं म्हणाली तरी कळवायला पायजे हुतंस. रजा मिळाली असती, नसती, ते माझं मी बघिटलं असतं. तू परस्पर ठरवलंस."

मी क्षमा मागितली. पापनिवेदनाच्या खुर्चीत बसून मी शेकडोंना क्षमेचे शब्द ऐकवले आहेत, त्या वर्षापर्यंत थोड्यांना, नंतर पुष्कळांना. आपण मागायची वेळ आली की शब्द किती तोकडे पडतात, ते त्या कठड्यावर समजले. ती म्हणाली, "राग हाय तुझ्यावर. पर आज न्हाई काढत. वर्साच्या वर्साला एक-एक काढीन." आणि हसली की रडली ते मला नीट सांगता येणार नाही.

मी सॅकमधून बरणी काढली. झाकण उघडताच वास आला आणि तिने बरणी माझ्या हातून काढूनच घेतली. तिच्या पिशवीत पाव होता. तोस्काना प्रांतातला पाव आळणी असतो. मीठ घालायचेच नाही, अशी तिकडची जुनी रीत आहे. आठ वर्षे तो पाव तिच्या घशाखाली मुकाट्याने उतरत होता. त्या दिवशी आम्ही तो चटणीशी खाल्ला. तेल नव्हते, ऑलिव्हचे तेलही नव्हते, कोरडीच चटणी. तिने विचारले, "ह्या साली मिरची संकेश्वरी आणली हुती काय?" हे आईलाच ठाऊक. मला सांगता आले नाही.

त्या रात्री मी तिच्या आश्रमाच्या पाहुण्यांच्या खोलीत राहिलो. दुसरा दिवस रविवार, ११ जुलै. संत बेनेडिक्ट यांचा स्मरणदिनही हाच. बेनेडिक्ट आणि त्यांची बहीण स्कोलास्टिका वर्षातून एकदाच भेटत, असे संत ग्रेगरी सांगतात. शेवटच्या भेटीत बहिणीने रात्रभर बोलत बसण्याचा आग्रह धरला, भावाने मठाचा नियम पुढे केला, तेव्हा तिने प्रार्थना केली आणि असे वादळ झाले की त्याला उंबरा ओलांडता येईना. सेमिनरीत ही गोष्ट ऐकताना मी नेहमी बेनेडिक्टच्या बाजूचा होतो.

पहाटे आश्रमाच्या छोट्या चॅपेलमध्ये मी आईसाठी मिस्सा अर्पण केली, मराठीत. प्रार्थना पाठ होत्या, वाचने अक्काने तिच्या जुन्या मराठी नव्या करारातून वाचली. इटालियन भगिनींना एक अक्षर कळले नाही, पण सगळ्या आल्या होत्या. मिस्सा संपल्यावर ऐंशीच्या घरातल्या एक भगिनी काठी टेकत पुढे आल्या. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि त्या रडू लागल्या. फोन घेतला होता तो त्यांनीच. वर्षभर त्यांनी ते मनाला लावून घेतले होते. त्या माझी क्षमा मागत होत्या, आणि माझे इटालियन इतके कच्चे की, 'चूक तुमची नव्हती, माझीच होती' एवढे वाक्यही मला धड जुळवता येईना. अक्काने ते दुभाष्यासारखे सांगितले. सांगताना तिने माझ्याकडे असे पाहिले की, पहिल्या वर्षाचा राग तिने तिथेच काढला हे मी समजलो.

दुपारी बसपर्यंत ती सोबत आली. बस दिसली तशी म्हणाली, "बरं, येतो." जाणारा मी होतो, पण 'येतो' तीच म्हणाली. बरणी तिने ठेवून घेतली होती.

२००१ साली, दहाचे गणित पुरे झाल्यावर, ती कागलला आली आणि कोल्हापूरच्या ख्रिस्ती स्मशानभूमीत आईच्या क्रुसापाशी एकटीच तासभर बसली. मी फाटकाबाहेर थांबलो. त्यानंतर ती तीनदा येऊन गेली. आता ती सत्तरीकडे झुकली आहे. इतरांची सेवा करता करता त्याच आश्रमात तिचीही एक खोली झाली आहे.

त्या मुलाने पाठवलेले छायाचित्र मी तिला पुढे धाडले. तिकडे तेव्हा दुपार असावी. थोड्या वेळाने तिचा आवाजातला निरोप आला. पार्श्वभूमीला कोणी म्हातारी इटालियनमध्ये काहीतरी मागत होती, तिला 'आले, आले' म्हणावे तसे अक्काने उत्तर दिले आणि मग मला म्हणाली, "छत्री रंगवलेली दिसतीया रं. डावीकडचा कठडा न्हाई आला फोटोत, आपण बसलेला. त्या पोराला म्हणावं, आश्रमात ये जेवायला. आणि येताना चटणी घिऊन ये म्हणावं, हितली संपली."